गोठ्यातला झोका

मी झोक्याचा दोर बोलतोय. उंटाच्या केसांचा, चार पदरी, मनगटाएवढा जाड. आमचं गाव काराकुम वाळवंटाच्या कडेला. आक्नबात म्हातारीने मला वळलं तेव्हा ती म्हातारी नव्हती. नवी सून होती, आणि हाताला भारी जोर होता.

वर्षभर मी खुंटीला लटकलेला. कुर्बान बैराम, म्हणजे तुमची बकरी ईद, आला की अंगणात दोन खांबांना मला बांधायचे. त्या दिवशी झोका घेतला की वर्षाची पापं झडतात, अशी आमच्याकडे श्रद्धा. फळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहतात. ज्यांचं भांडण असेल त्यांना तर मुद्दाम एकत्र चढवायचं. झोका उंच गेला की घाबरून का होईना, माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघतोच. खालून बायका ओरडायच्या, "जोरात गं! हिची पापं जड आहेत!"

एका वर्षी म्हातारीने अंथरूण धरलं होतं आणि दोघी सुनांचा अबोला होता. थोरल्या सोनागुलने एका लग्नात धाकट्या जेरेनच्या रोट्यांना कच्च्या म्हटलं, तेवढ्यावरून! म्हातारी म्हणायची, "बैरामला चढतील एका फळीवर. तेवढं बघून डोळे मिटेन."

पण बैरामआधी हुकूम आला. घरचे झोके बंद. चौकात सरकारी लोखंडी झोका, समोर देशाच्या नेत्यांचं भलंमोठं चित्र. बायकांनी एकसारखे लाल झगे घालायचे, चित्राकडे तोंड करून शेजारी शेजारी उभं राहायचं, तालमीत शिकवलं तसं हसायचं आणि नेत्यांचे आभार मानायचे. पापांचं नाव कोणी काढेना. कारण विचारायची सोय नव्हती. नेमक्या सोनागुल आणि जेरेन एका फळीवर आल्या. छान हसल्या म्हणे, टीव्हीवरही दिसल्या.

घरी आल्या त्या मुक्याच. म्हातारीने विचारलं, "काय गं, बोललात का?"

"बोलणार कधी? सरकारी साहेब शिट्टी फुंकत होता," जेरेन भिंतीकडे बघत म्हणाली.

"त्या चित्राचं तोंड बघून आलात, एकमेकींचं नाही!" म्हातारी चिडली. "दोर काढा. गोठ्यात बांधा."

"आई, कोणी बघितलं तर?" सोनागुल घाबरली.

"उंटीण बघेल. तिला सांग, तोंड बंद ठेव म्हणून."

दोघींनी म्हातारीला उचलून गोठ्यात आणून बसवलं. मला आढ्याला बांधलं. छप्पर इतकं बुटकं की दोघी गुडघे वाकवून, माना खाली घालून उभ्या. झोका हातभरसुद्धा जाईना. तेवढ्यात जेरेनचं डोकं आढ्यावर दाणकन आपटलं आणि सोनागुलच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! लागलं का गं?"

"लागलं की! तुझ्या पापांनी," जेरेन म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की रडायलाच लागल्या. हे काही तालमीत शिकवलेलं हसू नव्हतं. म्हातारी नुसती बघत राहिली. मला फार बरं वाटलं.

म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. सुना मात्र दर बैरामला आधी चौकात हसून येतात आणि मग लाल झग्यातच गोठ्यात शिरतात. आता माझा एक पदर तुटलाय. जेरेनची मुलगी मोठी झालीये, तीही झोक्यावर चढते. तिने अंगणातला झोका कधी पाहिलाच नाही. तिला वाटतं, घरचा झोका असाच घ्यायचा असतो, मान खाली घालून.

बायांनो, मी तुटायच्या आत एकदा तरी मला उघड्यावर बांधा. त्या पोरीला ताठ उभं राहू द्या.