ड्रायव्हर धरून बारा

आधीच सांगतो, मी रागीट मानूस हाय. बीडच्या बार्शी नाक्यापुढं माजं गॅरेज हाय, आन छत्तीस वर्षं झाली, मी फकस्त ब्रेकचं काम करतो. इंजिन खोलत न्हाई, क्लचला हात लावत न्हाई. कुनी म्हनलं, "जमीलभाई, एवढा हॉर्न बघा की," तर त्याला समोरचं दुकान दाखवतो. गाडी सुरू झाली न्हाई तर मानूस शिव्या देतो. थांबली न्हाई तर शिव्या द्यायलाबी राहत न्हाई. म्हनून मी ब्रेक धरला आन बाकी सगळं सोडलं.

घरी आमी आमच्या दखनी उर्दू बोलीत बोलतो. पन ही गोष्ट मराठीतच सांगतो, कारन ती घडली राधाकिशनच्या जीपमधी आन धारूरच्या घाटात.

राधाकिशन माजा जुना दोस्त. धारूर ते तेलगाव काळीपिवळी जीप चालवतो. ह्या जीपा बनवनारी कंपनी कवाच बंद पडली, पन आपल्याकडं त्या चाळीसभर तरी पळतात. पळतात म्हनजे काय, ओढतात! गाडी हाय, पन तिचे अस्सल ब्रेकपॅड कुठंच भेटत न्हाईत. बाजारात नकली माल. पुढच्या चाकात लोखंडी डिस्क फिरती, आन ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. एवढाच सगळा खेळ. नकली पॅड सपाटीला धरतो. घाटात तापला की काचेगत गुळगुळीत होतो आन डिस्क सटकती. ते पॅड बसवताना मला लाज वाटायची. खोटं कावून बोलू?

माजी पोरगी समिना, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. लोक म्हनले, पोरीला कावून असलं शिकवतो? मी म्हनलं, तुमच्या बापाचं काय जातंय? ती गॅरेजात लॅपटॉप घेऊन बसती आन डिस्कची जाडी मोजती, केसाएवढाबी फरक सोडत न्हाई. एक दिवस तिनं पॅड उलटा करून माज्या हातात दिला.

"अब्बा, मागं ही दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं अक्षर पॅड थंड असताना पकड किती ते सांगतं. दुसरं, तापल्यावर किती. दुसरं अक्षर पहिल्याहून खालच्या दर्जाचं असलं की समजायचं, हा घाटात दगा देणार. नकलीवाले तर मनाला येईल ते छापतात."

छत्तीस वर्षं त्या अक्षरावरची धूळ फडक्यानं पुसून मी पॅड बसवत आलतो. मला वाटायचं कंपनीचा शिक्का असंल. पोरीनं शिकवलं म्हनून राग यायला पायजे होता, पन आला न्हाई. उलट दिवसभर जो येईल त्याला पॅड उलटा करून दाखवत बसलो.

तिनंच शोधलं की हीच जीप बाहेरच्या मुलखात दुसऱ्या नावानं अजून चालती, आन तिचे पॅड तिकडं बनतात. पाच कारखान्यांना तिनं लिवलं. चौघांचा लगेच जवाब आला, किती डबे पायजेत? पाचवा कारखाना तुर्कस्तानचा. तिथल्या इंजिनिअर बाईनं, नर्मिन तिचं नाव, तीन पानांचा फॉर्म धाडला. डिस्क केवढी? घाटाला उतार किती? वळनं किती? उन्हाळा किती तापतो?

"पॅड मागितलेत का पोरीचं स्थळ आलंय?" मी वैतागलो. "एवढ्या चौकशा तर सोयरे करत न्हाईत!"

"जी विचारते, तिच्याकडूनच घ्यायचं अब्बा," समिना म्हनली. "बाकीच्यांना फक्त डबे खपवायचेत."

मग आमी बाप-लेक धारूरला गेलतो, घाटातली वळनं मोजत चालत उतरलो. पाय गळ्यात आले. सगळा फॉर्म भरला आन एका रकान्यावर समिनाचं बोट थांबलं. गाडीत मानसं किती बसतात?

"काय लिहू, अब्बा?"

"आरसी बुकात काय हाय? नऊ आन ड्रायव्हर. लिव दहा."

"पण बसतात तर..."

"कागदावर दहाच बसतात, समिना. लिव."

आता तुमी आपल्याकडचे असाल तर ह्यात तुमाला काई वावगं वाटनार न्हाई. मागं लटकलेले धरून अठरा मानसं आमच्या जीपमधी रोज बसतात, पन अठराचा आकडा कुन्या कागदावर कुन्या मायच्या लालनं आजवर लिवला न्हाई. साहेबाला न्हाई, इन्शुरन्सवाल्याला न्हाई. कागद म्हनला की हात आपोआप दहाच लिवतो. माजाबी तसाच वळला.

नमुन्याचे चार सेट आले. मी पॅड नखानं वाजवून बघितला, वास घेतला, दाढेखाली तेवढा धरला न्हाई. राधाकिशनच्या जीपला बसवला, दहा मानसांच्या वजनाची सिमेंटची पोती भरली आन घाट उतरलो. काय सांगू तुमाला! पाय म्हनंल तिथं जीप उभी. शेवटच्या वळनावर राधाकिशन म्हनला, "जमील, पुन्हा एकदा वरून येऊ का बे?" त्या दिवशी मी आख्ख्या बार्शी नाक्याला पेढे वाटले. तीनशे डब्यांची ऑर्डर द्यायचं ठरलं, आन समिनानं डब्यावरचं चित्र काढलं. वर ठळक अक्षरात, जमील ब्रेक, बीड. बापाचं नाव तुर्कस्तानात छापलं जानार! माजी छाती शर्टात मावंना.

मग बाजाराचा दिवस आला. राधाकिशन नेहमीगत अठरा मानसं भरून धारूरहून निघाला. तिसऱ्या वळनाला जळका वास आला आन ब्रेक पार खाली गेला. मानूस जुना म्हनून निभावलं. त्यानं पहिला गिअर टाकला, जीप डोंगराच्या अंगाला घासत नेली आन उभी केली. कुनाला खरचटलं न्हाई. केशरबाईची वांग्याची पाटी तेवढी दरीत गेली.

ही केशरबाई धारूरची माळवं इकनारी म्हातारी. जीपची पुढची सीट तिची, ती दुसऱ्या कुनाला मिळत न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशनची जीप ओढून माज्या दारात आनली, तवा ही बाई त्याच्यासंगं उतरली. मला वाटलं वांग्याचं भांडन काढंल. तिनं भांडन काढलंच न्हाई.

"जमील तूच का रं?"

"हो, मावशी."

"जमीलनं ब्रेक लावलाय म्हनला हा. म्हनून घाटात मी डोळं मिटून बसलेते." एवढंच म्हनली आन टायरवर जाऊन बसली.

माजं डोकं फिरलं. जळका पॅड हातात घेतला आन समिनाला म्हनलं, लाव तुज्या त्या तुर्कस्तानच्या बाईला फोन. व्हिडिओवर नर्मिन दिसली, पांढऱ्या केसाची, चष्मेवाली. मी पॅड कॅमेऱ्यासमोर नाचवत असा बोंबललो की समोरच्या चहावाल्याचं गिऱ्हाईक उठून आलं. खोटा माल देता? मानसं मारता? समिना मान खाली घालून इंग्रजीत सांगत होती, किती सांगत होती अन् किती गाळत होती तिचं तिला ठाऊक.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच सवाल केला.

समिनानं माज्याकडं बघितलं. "ती विचारते, गाडीत माणसं किती होती? काय सांगू, अब्बा?"

फॉर्म भरताना हेच शब्द होते तिचे. राधाकिशननं माजा दंड धरला. "दहाच सांग बे," तो कानात म्हनला. "खरं सांगशील तर माल न्हाई देनार ती. डबे गेले, तुजं नाव गेलं, आन आमी पुन्हा त्या नकलीवर. दहा सांग!"

तो खरंच सांगत होता. आन समिनानं दहा सांगितले असते तर पकडनारं कोन होतं तिथं? पन टायरवर केशरबाई बसलेली. ती माज्या तोंडाकडं बघत होती.

माजी सगळी मस्ती उतरली. मी जळका पॅड टेबलावर ठिवला आन आमच्या बोलीत सरळ त्या बाईलाच बोललो, की अठरा होते. फॉर्मवर दहा मीच लिवायला लावले. कुसूर माजा हाय.

समिना तोंड उघडायच्या आत ती बाई म्हनली, "कुसूर?" त्यांच्याकडंबी हाच शब्द हाय म्हनं. तिनं चष्मा काढला. मग इंग्रजीत बराच वेळ बोलली. आन समिना ऐकता ऐकता रडायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं.

"अब्बा, ती म्हणते, बावीस वर्षांत पॅड जळाला म्हणून ओरडणारे तिला शेकड्यानं भेटले. चूक आमची होती म्हणणारा पहिलाच."

मला लाज वाटत होती आन पोरगी डोळं पुसत हसत होती. तिनं तसं माज्याकडं आधी कधी बघितलं नव्हतं. डिप्लोमाच्या दिवशी मी तिच्याकडं बघितलं व्हतं तसं.

पन ती बाई मधाळ नव्हती हो. पुढं तिनं रोखठोक सांगितलं. चूक तुमचीच न्हाई, माजीबी हाय. आकडा लई साफ होता, मला शंका यायला पायजे होती. दुसरं, अठरा मानसं त्या घाटात थांबवनारा पॅड ह्या जीपला कुनीच बनवू शकत न्हाई, कारन सगळी आग डिस्कमधी जाती आन डिस्कच लहान हाय. बारा मानसांपुरता पॅड ती बनवंल, तापल्यावरबी पकड तेवढीच राहील असा. बाराच्या वर गाडी भरनार असाल तर तिचं नाव त्या मालावर नको.

"तिला सांग," मी म्हनलं, "बाराच्या वर माजंबी नको."

राधाकिशन भडकला. "बारात जीप चालवून खाऊ काय? सरळ म्हन की दोस्ती संपली!"

"अठरा भर, वीस भर, टपावर बसव," मी म्हनलं. "पन मग मपल्या दारात यिऊ नको."

गेला रागानं. आठ दिवसांनी आला. चाक खोलून ठिवलं आन बिडी पेटवली. नंतर कळलं, केशरबाईनं त्याच्या जीपमधी बसायचं सोडलं व्हतं, आन तिच्यामागं बाजारच्या साऱ्या बायांनी.

दोन महिन्यांनी नवे पॅड आले. मागची दोन्ही अक्षरं सारखीच. बारा मानसांच्या वजनाची पोती भरून घाट उतरलो, ओळीनं पाच वेळा. पाचव्या बारीलाबी ब्रेक पहिल्यागत. मग मी गुपचूप आनखी चार पोती टाकली, तरीबी धरला. हे राधाकिशनला सांगू नका, तुमाला म्हनून सांगितलं. डब्यावर नाव आलं, जमील ब्रेक, बीड, आन त्याच्याखाली माज्या नावापरीस मोठ्या अक्षरात, ड्रायव्हर धरून बारा. तीच अक्षरं असलेली एक पट्टी डब्यात असती. ती समोर काचेखाली चिकटवल्याबिगर मी पॅड बसवत न्हाई. कागदापरीस दोन जास्तच हायत, मला म्हाईत हाय. पन अठरावरून बारावर आनलेत, बोला!

आता मागच्या महिन्याचं सांगतो. धारूरला एकतिसावी जीप करून दुपारी स्टँडवर आलो. ऊन असं की डोकं फुटतंय. राधाकिशनची जीप निघायच्या बेतात. मागचं दार उघडून मी एक पाय आत ठिवला.

पुढच्या सीटवरून केशरबाई वळली आन बोटानं मोजायला लागली. "अकरा... बारा. ए बाबा, उतर."

"मावशी, मी जमील!"

"दिसतंय की. उतर."

"अगं, ब्रेक माजा हाय ह्यो!"

"मंग लिवलंय कुनी हे?" तिनं काचेखालच्या पट्टीवर बोट ठिवलं. "तूच ना? उतर, दरवाजा लाव."

आख्खी जीप खदखदून हसली. राधाकिशन आरशातून माज्याकडं बघत मिशीत हसत होता, हरामखोर. राग माज्या पार कानापर्यंत आला. मग कुठं गेला काय ठाऊक. मी पाय खाली घेतला आन दार लावलं, नीट लागलं का तेबी बघितलं.

जीप निघाली. मी घाटाच्या तोंडापर्यंत मागं मागं चालत गेलो. पहिल्या वळनाला मागचे दोन्ही लाल दिवे लागले आन जीप अशी अल्लाद हळू झाली, की आत कुनाची मानबी हालली नसंल. दुसऱ्या वळनाला पुन्हा लागले. तिसऱ्या वळनाला मी श्वास धरून उभा राहिलो. तिथंबी लागले, आन जीप सुखरूप वळली. पुढच्या सीटवर केशरबाईचे डोळे मिटलेले असनार, मी पैजेवर सांगतो.

तेवढ्यात समिनाचा फोन. "अब्बा, निघालात का?"

"न्हाई. मला जीपमधून उतरवलं."

"काय? तुम्हाला? कुणी?"

"बारा भरलते. मी तेरावा होतो."

तिच्या आवाजावरून कळलं की ती हसती हाय आन रडतीबी हाय.

"मग आता येणार कसे?"

"दुसरी जीप लागलीय की. तिच्यातबी आपलाच ब्रेक हाय," मी म्हनलं. "आता आधी जाऊन बसतो."