विझणारा हिरवा उजेड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण शाळेत तुम्ही कांद्याची साल पाहता तसला साधासुधा नव्हे. माझ्या पाठीशी पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. त्यातून निघणारे अतिनील किरण तुम्हाला दिसायचे नाहीत. पण ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रंग लावून शरीराचा पातळ काप माझ्याखाली ठेवला, की ते प्रथिन काळोखात हिरवंगार उजळायचं.

कारखान्यात काचा घासून घासून माझे डोळे घडवले गेले. मग मी एका रुग्णालयाच्या तळघरात आलो, काळे पडदे लावलेल्या खोलीत. सुरुवातीला काय माझा थाट होता! लांबून लांबून डॉक्टर बघायला यायचे. माझ्यावर खरा जीव मात्र बाईंचा. बाई म्हणजे तिथल्या तपासणी करणाऱ्या डॉक्टर. माझी भिंगं त्या स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. माझ्या किरणांनी रंग उजळतो आणि त्याच किरणांनी मरतोही. फार वेळ पाहत राहिलं, की हिरवं फिकं होत जातं आणि विझतं. मग काही केल्या पुन्हा उजळत नाही. म्हणून आधी फोटो काढायचा, किरण अडवणारी झडप लावायची, मग काय तो विचार करायचा. शिकाऊ डॉक्टरांना बाई हे दटावून सांगायच्या.

एके दिवशी बाईंच्या धाकट्या भावाचा काप आला. घरी त्याला बारक्या म्हणत. त्याचा चेहरा सुजला होता, लघवीतून रक्त जात होतं. सुईनं काढलेला मूत्रपिंडाचा तुकडा एवढासा. कामाचा काप एकच निघाला. बाईंनी डोळे लावले. बारीक हिरव्या रेघा लख्ख दिसत होत्या. शरीर स्वतःच्याच मूत्रपिंडावर उलटल्याची ती खूण. औषध लगेच सुरू झालं तर आशा, नाहीतर दोन्ही मूत्रपिंडं हातची जाणार.

फोटोचं बटण हाताशी होतं. पण बाई 'नसेल तसं, नसेल' असं पुटपुटत इकडे बघ, तिकडे बघ करत राहिल्या. मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे? रेघा फिकट होत गेल्या आणि बाईंना वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून दिसत नाही.

बारक्यावर उपचार करणारे मोठे सर आले तेव्हा माझ्याखाली सगळा काळोख होता.

"कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.

"होतं सर. मी पाहिलं."

सरांनी भिंगावरून डोळे उचलले. "तू बहीण आहेस त्याची. भीतीपोटीही दिसतं माणसाला. औषध जहाल आहे, एकट्या तुझ्या शब्दावर कसं देऊ? परत तुकडा काढू."

पण सुईच्या जागी आत रक्त साकळलं होतं. ते निवळेपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्या कापात रेघा दिसल्या, फोटो निघाला, औषधही सुरू झालं. फक्त मूत्रपिंडं तोवर गेली होती. डायलिसिससाठी, म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठी, बारक्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

बाई पार बदलल्या. फोटो काढून खटकन झडप लावायच्या, माझ्यात डोळा घालणं टाळायच्या. वरच्या मजल्यावरची रक्तशुद्धी आटोपली की बारक्या खाली येऊन स्टुलावर बसायचा, थट्टामस्करी करायचा. बाई मान खाली घालून काचा पुसत राहायच्या.

एकदा तो म्हणाला, "ताई, बघ ना गं माझ्याकडे. तू बघितल्यानं मी काही विझत नाही."

बाई पुसतच राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. बाईंच्या मेजावर त्याचा फोटो आला आणि त्याच्याकडे मात्र त्या कितीतरी वेळ बघत बसायच्या. नंतर नवं यंत्र आलं, माझा दिवा कुठे मिळेना, आणि मी प्लॅस्टिक पांघरून कोपऱ्यात पडलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी झटकली तर बरंच वाटेल. पण मागणं दुसरंच आहे. घरचं आजारी माणूस समोर बसलं असेल, तर मान वर करा आणि त्याच्याकडे पोटभर बघून घ्या. ते तुमची वाट बघत असतं.