आप्पांच्या गुडघ्यांसाठी आणलेली खुर्ची

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची. रत्नागिरीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर, दाराआड उभी असते. लोक माझ्या पाठीवर छत्र्या अडकवतात, हातांवर पिशव्या. माझी तक्रार नाही. उलट, मला कोणी खोलीच्या मधोमध ओढू लागलं की लाजेनं माझे सांधे करकरतात. का, ते सांगते.

मला काशीराम सुतारानं घडवलं. पिवळंधमक लाकूड, वेताची बैठक आणि पाठ अशी उंच की बसणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. एका वकिलांनी मला आपल्या ऑफिसात ठेवलं. दारापर्यंत आवाज चढवत येणारा माणूस मला पाहिलं की टोपी काढायचा. मला वाटे, हा मान माझाच! पुढे वकील गेले, वेत फाटला आणि मी वाचनालयात येऊन जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग मांडीवर घेऊन धूळ खात बसले.

मग ऋजुता आली. कॉलेजात शिकवणारी, बोलायला फटकळ. तिनं खालच्या फळ्यावर लिहिलं, 'तत्त्वज्ञान, अगदी पहिलीपासून. दर शनिवारी संध्याकाळी. फुकट. काही वाचलेलं नसलं तरी या.' माणसं माडीवर आली, सतरंजीवर गोल करून बसली. फुकट आहे म्हणजे चहा असणार, अशा हिशोबानं आलेलेही होते. चहा नव्हता, तरी तेही टिकले. ऋजुताचा नियम एकच होता : "इथे कोणी निकाल द्यायचा नाही. समोरच्याला आणखी एक प्रश्न विचारायचा."

त्या गोलात आप्पा होते. त्यांची आंब्याची बाग मोठी, मतं त्याहून मोठी, आणि गुडघे मात्र पार गेलेले. शेजारी त्यांच्या पत्नी आनंदीबाई. एकदा उठताना आप्पा अर्ध्यातच अडकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पुढच्या वेळी क्रेन सांगून ठेवू का?" सगळे हसले. वाचनालयात काम करणाऱ्या संदेशला दया आली. त्यानं माझी धूळ झटकली, वेत विणून घेतला आणि मला सतरंजीवर मांडलं.

चांगल्या मनानं केलेली गोष्ट होती हो! पण आप्पा वर आणि बाकीचे खाली. पुढच्या शनिवारी गोलाचा अर्धगोल झाला. नंतर सगळे माझ्याकडेच तोंड करून बसू लागले. प्रश्न निघाला की कोणीतरी म्हणे, "आप्पा, तुम्हीच सांगा." एका बाईंनी तर जाताना पायाला हात लावला. आप्पा "नको, नको" म्हणाले, पण पाय काही मागे घेतला नाही.

अशाच एका शनिवारी नम्रता बोलली. दवाखान्यात केसपेपर काढणारी, एरवी गप्प असणारी मुलगी. "खोटं बोलणं नेहमीच वाईट का हो? माझ्या नवऱ्याची मुंबईतली नोकरी सुटलीय. सासूबाई मंडणगडला असतात, त्यांना ठाऊक नाही. स्वरूप म्हणतो, दुसरी लागली की मीच आईला सांगेन."

ऋजुता काही विचारणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्या दोन्ही हातांवर हात टेकले आणि घसा खाकरला. "लपवणं म्हणजे खोटंच. उद्याच सांगून टाक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला, मित्रांनो, काय वाटलं? आप्पा माझ्यात काय शोभतात!

पुढच्या शनिवारी नम्रता दाराशीच बसली. "सांगितलं," ती म्हणाली. "सासूबाई त्याला फोन करून रडल्या. आता तो माझा फोन घेत नाही. एक मेसेज आला फक्त, 'माझ्या आईला मी सांगणार होतो.'"

"अगो, पण आधी स्वरूपला विचारलंस का?" आनंदीबाई म्हणाल्या.

"आप्पांनी सांगितलं ना," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

आनंदीबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही रोज भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जातो सांगून वडापावच्या गाडीवर बसता, ते मला कधी सांगणार?"

आप्पांचे कान लाल झाले. त्यांचे तळवे माझ्या हातांवर घामेजले होते. मी सुताराच्या हातची, मला खाली मान घालता येत नाही. त्या दिवशी ती घालता यावी असं फार वाटलं.

आप्पा उतरले. एक हात भिंतीला, एक संदेशच्या खांद्यावर, असे कण्हत सतरंजीवर बसले. "नम्रता, मला काही ठाऊक नव्हतं गो. खुर्चीत होतो म्हणून बोललो." मग त्यांनी तिचा फोन मागून घेतला आणि स्वरूपला आपल्या आवाजात निरोप पाठवला, "मी आप्पा. तुझ्या घरातला निकाल मी दिला. चूक माझी. तिच्यावर नको रागावू."

उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी स्वरूप स्वतःच मुंबईहून आला, पाठीला सॅक घेऊन. नवा पाहुणा म्हणून संदेशनं सवयीनं मला पुढे ओढलं. माझे सांधे करकरले. स्वरूपनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो खाली, आप्पांना खेटून बसला. सगळे पुन्हा गोल करून बसले होते.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला. "पण एक विचारू? आईला कधी सांगायचं, ते ठरवायचा हक्क माझ्या एकट्याचाच होता का? इकडे फोनवर सासूशी रोज खोटं हीच बोलत होती."

नम्रतानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. आप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. मग हळूच म्हणाले, "तुला काय वाटतं रे?"

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना जपा. वेत उसवला तर विणून घ्या, पावसाळ्यात भिंतीच्या ओलीला ठेवू नका. ज्याचे गुडघे दुखतात त्याला खुर्ची जरूर द्या. फक्त ती गुडघ्यांना द्या, मतांना नको.

त्या संध्याकाळी सभा मोडली, पण आप्पांना उठता येईना. स्वरूपनं मला त्यांच्याजवळ सरकवलं. आप्पांनी एक हात माझ्या हातावर ठेवला, दुसरा स्वरूपनं धरला, आणि ते उभे राहिले. माझ्यात मात्र बसले नाहीत.