खालची बिजागरी

एबो अमिसाला स्वतःची स्तुती जमत नसे, आणि अमेरिकेत कायमचं राहायचं तर त्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'हा माणूस देशाच्या हिताचा आहे, याला ग्रीन कार्ड द्या,' अशी शिफारस मोठ्या तज्ज्ञांनी करायची, पण मसुदा ज्याचा त्यानेच लिहायचा, अशी तिथली रीत. एबोने लिहिला, आणि इंजिनियरच तो, सवयीने शेवटी एक पान जोडलं: माझ्या पद्धतीच्या मर्यादा.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. बायको आराबा हसून बेजार. "अरे, माझ्या बापाकडे मला मागायला आलास, तेव्हा घोरतो म्हणून सांगितलं होतंस का?"

"सांगितलं होतं," एबो म्हणाला.

शेवटची सही हवी होती डोरीन कुबियाकची. ओहायो नदीवरच्या जलपाशांची, म्हणजे बोटींना पाण्यानेच वरखाली करणाऱ्या दरवाजेबंद हौदांची, ती मुख्य इंजिनियर. एबोला ओळखत नव्हती, म्हणून तर तिच्या शब्दाला वजन. व्हिसा संपत आला होता. ही सही हुकली की गाशा गुंडाळून घानाला परत. तिचा निरोप आला: "मसुदा मिळाला. आता माणूस पाठवा."

पोलाद तडकतं तेव्हा डोळ्याला दिसण्याआधी बारीक आवाज करतं. तो पकडणारं यंत्र एबोने केलं होतं. पण आजवर सगळं प्रयोगशाळेत, नाहीतर लहानसहान दरवाजांवर. डोरीनच्या जलपाशाचा दरवाजा पाचमजली इमारतीएवढा. त्याला यंत्राची टोकं चिकटवून, कानाला ऐकणी लावून तो वरच्या कठड्याशी उभा राहिला.

खाली कोळसा आणि मीठ भरलेले पंधरा पडाव ढकलत एक बोट आत शिरली. दरवाजे मिटले. आणि पाणी चढू लागलं. ना पंप, ना खडखडाट. नदीच आपल्या अंगाने वर येत होती, आणि कित्येक आगगाड्यांचा माल बाळाला उचलावं तसा अलगद उचलत होती. एबोच्या अंगावर काटा आला. देशाचं हित, देशाचं हित असं पानोपानी लिहिलं होतं त्याने. ते एवढं मोठं असतं, आणि इतकं मुकाट वर चढतं, याची त्याला कल्पनाच नव्हती.

"काय म्हणतो माझा दरवाजा?" डोरीनने ओरडून विचारलं.

"वरचा भाग ठणठणीत आहे, मॅडम."

"आणि खालची बिजागरी?"

एबोने ऐकणी कानावर दाबून धरली. तिथे नुसता पाण्याचा गोंगाट. 'ठीक आहे' म्हटलं की सही खिशात. पडावावरच्या एका खलाशाने वर पाहून हात हलवला.

"सांगता येत नाही," एबो म्हणाला. "पाण्याच्या आवाजात माझं यंत्र बहिरं होतं. पाणबुड्याला खाली उतरवा."

"म्हणजे नदी दोन दिवस बंद. माझ्या नावाने किती बोंबाबोंब होईल, ठाऊक आहे?"

"नाही मॅडम. पण उतरवा."

ती पाठ फिरवून आत निघून गेली. संपलं सगळं, एबोला वाटलं. तो वायरी गुंडाळू लागला.

तिसऱ्या दिवशी डोरीनचा फोन आला. पाणबुड्याला बिजागरीत हाताचा पंजा जाईल एवढी भेग सापडली होती.

"सही केली आहे," ती म्हणाली. "तुझा मसुदा मात्र फाडला, पत्र मीच नव्याने लिहिलं. स्तुती फार कमी होती."