मागच्या दारचं वारूळ

मुंग्यांचं वारूळ दिसलं की नॉरिस हॅगेन गाडी थांबवायचा. शाळेची बस चालवत होता तेव्हाही थांबवायचा, आणि मागून पोरं ओरडायची, "मिस्टर हॅगेन, आज तरी हिरा मिळाला का?"

वायोमिंगच्या मुंग्या जमिनीखालचे बारीक खडे वर आणून वारुळावर रचतात. त्यांत जांभळट लाल गार्नेट निघाले, तर खाली किंबरलाइट, म्हणजे पोटात हिरे बाळगणारा खडक, असू शकतो. हे अगदी खरं आहे. खोटं एवढंच, की तो नॉरिसला सापडेल. उभा जन्म त्याने रेतीच्या बादल्या घरी आणल्या, हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिमट्याने खडे निवडले, आवडलेल्या खड्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिला आणि बाकीचे खाली लोटले. खालचं झाडायला मॅक्सीन होतीच.

त्या मॅक्सीनचे गुडघे आता बोलायला लागले होते. वायोमिंगचा वारा तिला नकोसा झाला होता. ऑरेगॉनला मुलगी होती, नातवंडं होती, आणि शेजारचं छोटं घर रिकामं होतं. वर्षानुवर्षं 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणणारा नॉरिस या वसंतात कसाबसा तयार झाला आणि फाटकाशी 'घर विकणे आहे'ची पाटी लागली. मॅक्सीनने खोकी बांधायला घेतली.

आणि एका सकाळी नॉरिस पाटी उपटून खांद्यावर टाकून आत आला.

"मॅक्सीन, आपण कुठेही जात नाही. मागच्या दाराशी वारूळ आहे. लालभडक! अगं, आपण हिऱ्यांवर झोपतोय!"

मॅक्सीनच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. तिला रडूच आलं, पण नॉरिसला ते आनंदाचं वाटलं.

शनिवारी सगळा खडकप्रेमी क्लब अंगणात जमला. कॉफी झाली, मॅक्सीनने भाजलेली रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री फस्त झाली, आणि मग पोक्त माणसं गुडघ्यांवर बसून खडे चाटायला लागली. ओला खडा रंग दाखवतो, आणि या मंडळींना पाण्याची बाटली आठवत नाही. क्लबचा अध्यक्ष हार्लन ओक्स हा नॉरिसचा जुना मित्र, म्हणजे जुना वैरी. त्याने एक खडा चाटला.

"साधा गार्नेट. माझ्या आजीच्या परसात ढिगाने होता."

"भिंग लाव की, दीडशहाण्या."

हार्लनने भिंग लावलं आणि त्याचं तोंड बंद झालं. क्लबने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने आणखी एक कण उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नॉरिस, याच्यावर हे पांढरं काय रे?"

नॉरिसने तो कण बोटावर घेतला, डोळ्याजवळ नेला. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने कण चाटला, आणि मॅक्सीनने त्याला तो गिळताना पाहिलं.

"साधं क्वार्ट्झ होतं, गारगोटी," नॉरिस म्हणाला. "पडलं कुठेतरी."

मॅक्सीनला सगळं एका क्षणात कळलं. वर्षानुवर्षं ती टेबलाखालचा केर मागच्या दाराबाहेर लोटत आली होती, आणि त्यात नॉरिसच्या चिमट्यातून निसटलेले लाल खडेही जात होते. मुंग्यांनी तिचाच केर नीट रचून ठेवला होता. तिला हसू आलं, आणि नवऱ्याची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर हार्लन दारात हजर.

"मी घर घेतो. म्हणाल त्या भावाने."

मॅक्सीनने श्वास रोखला. ऑरेगॉन दारात उभं होतं. पण नॉरिस खोटं गिळू शकत होता, विकू शकत नव्हता.

"हार्लन, खाली काही नाही. ते माझ्याच टेबलावरचे खडे आहेत."

"मीच झाडून टाकलेत," मॅक्सीन म्हणाली. म्हणताना तिच्या जिवावर आलं.

हार्लन पोट धरून हसला. "वा! दोघांनी पाठ करून ठेवलंय! मला काय दूधखुळा समजता? खाली काही नसतं तर पाटी कशाला उपटली असतीस रे?"

जितकं खरं सांगावं तितका हार्लन हट्टाला पेटला. महिनाभरात तो त्या घरात कुदळ घेऊन राहायला गेला, आणि हॅगेन मंडळी ऑरेगॉनला.

तिथे वारा नव्हता, नातवंडं होती. मॅक्सीनचे गुडघे गप्प झाले. नॉरिस मात्र खिडकीशी बसून राहायचा. एका संध्याकाळी त्याने हार्लनला फोन लावला.

"काय म्हणतो?" मॅक्सीनने विचारलं.

"अंगण सगळं खणलंय. काही नाही म्हणतो."

"मग झालं तर."

"झालं कसं? काही नसतं तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या. गोड बोलत होता." नॉरिस पुढे सरकला. "मॅक्सीन, सगळेच खडे काही आपले नसतील. तू इतकं कुठे झाडायचीस?"

टेबलावर समुद्राच्या रेतीची बादली आली होती, चिमटा आला होता, मॅक्सीनची नेलपॉलिशची बाटलीही कपाटातून बाहेर आली होती. तिने टेबलाखालचा केर सुपलीत भरला आणि सवयीने मागच्या दाराकडे निघाली. उंबऱ्यात थांबली. मग मागे फिरून तिने तो केर पिशवीत ओतला आणि पिशवीला घट्ट दोन गाठी मारल्या.