वर राहिलेले प्रायमर

आमच्या घरातली काडतुसं मी भरतो. एकेचाळीस वर्षं भरतोय. दुकानातली तयार काडतुसं आणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. म्हणजे ठेवतो, पण त्यांच्या पाठीमागे. आमच्या बिग होल खोऱ्यात निम्मी माणसं आपली काडतुसं आपण भरतात, आणि त्यातल्या निम्म्यांना ती भरता येत नाहीत.

तसं काम अवघड नाही, एक प्रायमर सोडला तर. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडात बसणारी मसुराएवढी टिकली. बंदुकीची सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. ही टिकली बुडाच्या किंचित आतच बसायला हवी. जरा वर राहिली, तर सुईचा ठोका तिला नुसता आत ढकलतो. ‘टक’ असा आवाज होतो, समोरचा एल्क, आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, मान वळवून तुमच्याकडे बघतो आणि झाडीत निघून जातो. परवाना वर्षाला माणशी एकाच एल्कचा. तो हुकला की फ्रीझर रिकामा आणि हिवाळाभर दुकानातलं मांस.

म्हणून मी टिकली हातातल्या अवजारानं बसवतो. ते पकडीसारखं असतं. पुंगळी अडकवायची आणि अंगठ्यानं दांडी दाबायची. टिकली तळाला टेकली की अंगठ्याला बरोबर कळतं. माझे सांधे धरलेत हे खरं, थंडीत बोटं बधिर होतात हेही खरं. पण अंगठा तो अंगठा.

सप्टेंबरात माझ्या मुलीनं, सिग्नेनं, टेबलावर बसवायचं एक नवं यंत्र आणून ठेवलं. त्याला हातभर दांडा होता, आणि टिकली किती खोल दाबायची ते एक स्क्रू फिरवून आधीच ठरवून ठेवायचं. अंगठ्याला काही कामच नाही. हे ज्यांना हात नाहीत त्यांच्यासाठी आहे, असं मी तिला ऐकवलं. उद्या मला चमच्यानं भरवायलाही येशील, हेही वर जोडलं. ती शाळेची बस चालवते. पोरांचा गोंधळ ऐकून ऐकून तिला उत्तर न देण्याची सवय झालीय.

शिकारीचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. बुधवारी काडतुसं भरायला बसलो तर पुंगळ्या कमी पडल्या. झाडलेल्या पुंगळ्या सिग्ने तिच्या गॅरेजात ठेवते, म्हणून मी तिकडे गेलो. ती बस घेऊन गेलेली होती. फळीवर कॉफीचा एक डबा दिसला. उचलला तर भलताच जड. आत भरलेली काडतुसं होती, आणि ती माझी होती. पुंगळीच्या बुडाला मी दरवर्षी वेगळ्या रंगाचा ठिपका देतो. डब्यात निळे, हिरवे आणि लाल, अशा तीन वर्षांचे ठिपके होते.

मी एकेकाच्या बुडावरून बोट फिरवलं. सगळी गुळगुळीत. एकही टिकली वर नव्हती.

मग मात्र माझं डोकं फिरलं. पोरीला बापाची काडतुसं नकोत आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही, असाच मी त्याचा अर्थ लावला. एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवत राहिलो. तासाभरात सिग्ने आली. माझ्या मांडीवरचा डबा बघून तिनं किल्ल्या खाली ठेवल्या. जुळवलेलं सगळं मी बोलून टाकलं. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

मग तिनं खणातून पोलादी पट्टी काढली, डब्यातलं एक काडतूस बूड वर करून धरलं आणि त्यावर पट्टीची कड टेकवली. पट्टी डुगडुगली. म्हणजे मधली टिकली वर होती. दुसऱ्यावर ठेवली, तिथेही डुगडुगली. तिसऱ्यावरही तेच. मी ते तिसरं हातात घेऊन पुन्हा बोट फिरवलं. मला ते गुळगुळीतच लागलं.

“बाबा, तुमच्या बोटाला कळत नाही आता,” ती म्हणाली.

पहिल्या वर्षी तीन निघाली, मग नऊ, गेल्या वर्षी सोळा, असं तिनं सांगितलं. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा दाबायचा नसतो, तो हातातच उडायचा. म्हणून असली काडतुसं ती डब्यात टाकत गेली. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही भरणंच सोडलं असतं. मग हिवाळाभर काय केलं असतं? माझ्या बसमध्ये येऊन बसला असता?”

मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आमच्या दोघांच्या बंदुका एकाच मापाच्या. दरवर्षी मी चाळीस काडतुसं भरतो, वीस तिची आणि वीस माझी, एकाच दिवशी, एकाच अंगठ्यानं. आणि तीन वर्षांत माझ्या पेटीतलं एकही फुसकं निघालं नव्हतं.

“सिग्ने, गेल्या वर्षी डोंगरावर किती घेऊन गेली होतीस?”

ती पट्टी खणात ठेवायला वळली. “चार.”

“चारच?”

“पुरतात की. नेम तुम्हीच शिकवलाय.”

“दुकानातली घ्यायची होतीस.”

“गावात एक दुकान, बाबा. मी पेटी उचलली की त्यानं तुम्हाला फोन लावला असता.”

म्हणजे चाळीसांतली चांगली वीस तिनं माझ्या पेटीत ठेवली होती आणि उरलेली चार स्वतः नेली होती. गेल्या वर्षी ती दुसऱ्याच दिवशी रिकाम्या हातानं डोंगर उतरून आली होती. बसच्या गादीची सवय लागलीय म्हणून मी तिला नाताळापर्यंत चिडवलं होतं. चारचौघांत चिडवलं होतं. त्या बादलीवर बसून मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी दुपारी तिचं यंत्र टेबलाला घट्ट बसवलं. दांडा मी ओढायचा आणि पट्टी तिनं लावायची. पहिल्या दोन पुंगळ्यांवर पट्टी डुगडुगली. स्क्रू पाव फेरा फिरवला. त्यानंतर चाळीसच्या चाळीस पुंगळ्यांवर पट्टी सपाट बसली. अंगठ्याला काहीच कळत नव्हतं आणि काम मात्र चोख होत होतं. मला ते आवडलं नाही, पण मी दांडा ओढत राहिलो.

संध्याकाळपर्यंत दारू घालून, गोळ्या बसवून झाल्या. पहिली वीस मी तिच्या पेटीत भरली. आधी तुमची भरा, असं ती म्हणत होती. मी झाकण लावलं आणि पेटी तिच्या गाडीत नेऊन ठेवली.