प्रार्थनेत ठेवलेली खुर्ची

आमचे हे वेताच्या खुर्च्या विणतात. म्हणजे, विणायचे. उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि पाहुण्या उपदेशकाचं एक वाक्य घेऊन घरी आले: घाई करू नका, आधी प्रभूची वाट पाहा. वाक्यात काही खोट नाही. पण ज्या माणसाला जन्मात कधी घाई झालेली नाही त्याच्याच हाती ते पडलं, तिथे सगळी वाट लागली.

तेव्हापासून कोणी बैठक फाटलेली खुर्ची घेऊन आलं, की हे ती उलटीसुलटी करून बघत, काठाच्या भोकांवरून बोट फिरवत आणि गंभीरपणे म्हणत, "ठेवून जा. प्रार्थनेत ठेवतो." गिऱ्हाईक भारावून जाई. खुर्ची मागच्या खोलीत भिंतीशी जाऊन उभी राही, आणि हे पुढच्या खोलीत एका धडधाकट खुर्चीत डोळे मिटून बसत. दोन महिन्यांत मागे अकरा खुर्च्या साठल्या आणि घरात त्या कोपऱ्याचं नावच 'प्रार्थनेत' पडलं. केरसुणी कुठे आहे? प्रार्थनेत आहे. मांजर कुठे गेलं? प्रार्थनेत झोपलंय.

गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं काम अर्थात माझं. एकदा सलूनवाला आपली खुर्ची न्यायला आला. तोही आमच्याच मंडळीतला. मी सवयीने सांगून गेले, की तुमची खुर्ची अजून प्रार्थनेत आहे. आमच्यात प्रार्थनेत ठेवतात ते आजारी माणसाला. त्याचा चेहरा पडला आणि त्याने हळूच विचारलं, "इतकं झालंय का तिला?"

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण काही आमच्यातली नाही, पण तिच्यातला माणूस नेमका आमच्या घरात निघाला. खाटेऐवजी खुर्ची, एवढाच फरक. मी बोलायचं कमी केलं नव्हतं. एका दुपारी ह्यांनी चहा मागितला, तर म्हटलं, प्रार्थनेत ठेवलाय. हे खरोखर मागच्या खोलीत जाऊन बघून आले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण अकरावी खुर्ची बाईंची होती, आणि तिथे माझं हसणं संपलं.

बाई म्हणजे आमच्या रविवारच्या शाळेच्या बाई. गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या. मंडळीतल्या निम्म्या लोकांना हात जोडून डोळे मिटायला त्यांनीच शिकवलं, ह्यांनाही. आता त्यांच्या पाठीचे मणके झिजलेत. बाकावर बसवत नाही, उभं राहवत नाही. उंच पाठीच्या त्या एका खुर्चीतच काय ते तासभर बसता येतं. ती फाटल्यापासून तीन आठवडे बाई पलंगावर पडून होत्या. सोमवारी मुलगा त्यांना कायमचा आपल्या गावी नेणार होता. त्याआधी एकदा, शेवटचं, आपल्या खुर्चीत बसून उपासना ऐकायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शुक्रवारी मी ह्यांना आठवण करून दिली. हे म्हणाले, अजून आतून होकार आलेला नाही. होकार तुम्हाला हवाय की वेताला, असं मी विचारल्यावर ह्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की वाद संपला, ही ह्यांची जुनी रीत.

शनिवारी सकाळी मी बाईंकडे डबा घेऊन गेले. सामान बांधून झालं होतं. खिडकीपाशी खुर्चीची जागा तेवढी मोकळी होती आणि फरशीवर तिच्या चार पायांचे डाग दिसत होते. वेतच मिळाला नाही, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण बाईंसमोर खोटं बोलणं आजवर कोणालाच जमलेलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, अगदी सलूनवाल्यापर्यंत. बाई हसल्या, हसताना पाठीत कळ आली तशा थांबल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

"लहानपणीही आमेन झालं तरी हा डोळे उघडायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी प्रश्न विचारीन म्हणून. मला वाटायचं, पोरगा भाविक आहे. मी आपली पुढच्याला विचारायचे." मग छताकडे बघत म्हणाल्या, "चूक माझीच आहे. त्याला सांग, बाईंनी डोळे मिटायला शिकवलं, पण आमेन म्हटल्यावर ते उघडायचे असतात, हे सांगायचं राहून गेलं."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही, आणि माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं. हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झालं, नेहमीचंच. पण मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. मग ह्यांनी डोळे उघडले, मागच्या खोलीत गेले आणि टबात वेत भिजत घातला.

एक बैठक म्हणजे ह्यांचं दोन दिवसांचं काम, आणि हातात उरला होता एक. जुना वेत कापून काढला, भोकं साफ केली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, शेवटी दोन्हीकडून तिरप्या. मी समोर बसून ओल्या पट्ट्या पुसून देत होते. दोन महिन्यांत ह्यांची बोटं मऊ पडली होती, दुपारपर्यंत दोन ठिकाणी कापली. माझ्याकडे चार टोमणे तयार होते. एकही मारला नाही. चारही अजून जपून ठेवलेत.

तिरपी पट्टी एका जागी चुकली. बसल्यावर कोणाला दिसणार आहे, असं मी म्हटलं. "बाई तपासतील," एवढंच म्हणून ह्यांनी तेवढा भाग उसवला. थोड्या वेळाने ओठ हलताना दिसले. काय पुटपुटताय म्हणून विचारलं.

"प्रार्थना करतोय."

"डोळे उघडे ठेवून?"

"मिटले तर पट्टी चुकते."

दिवे लागायच्या सुमारास काठाची शेवटची पट्टी बसली. त्या क्षणी मला ह्यांचा फार अभिमान वाटला. चहा न मागता दिला, एवढंच.

रविवारी चर्चमध्ये बाई आपल्या खुर्चीत बसल्या. बसण्याआधी त्यांनी बैठकीवरून बोट फिरवलं, वही तपासावी तसं. पाळकांची प्रार्थना लांबली. आमेन झालं. बाईंची मान वळत नाही, म्हणून त्या सावकाश अख्ख्याच वळल्या आणि मागच्या रांगेत ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे डोळे टक्क उघडे होते. बाईंनी मान हलवली, हजेरी मांडल्यासारखी.

सोमवारी गाडीत खुर्ची चढली. हे निरोप द्यायला पुढे झाले आणि आमच्यात निरोपाला म्हणतात तेच बोलायला लागले, "बाई, तुम्हाला प्रार्थनेत..." आणि अडकले. कानांपर्यंत लाल झाले. दोन महिन्यांत तो शब्द ह्यांनी पार वापरून टाकला होता.

बाईंनी ह्यांचा हात धरला. कापलेल्या बोटांवर अंगठा ठेवला.

"ठेव रे," त्या म्हणाल्या. "फक्त भिंतीशी ठेवू नकोस."

गाडी वळेपर्यंत आम्ही उभे होतो.  घरी आल्यावर हे मागच्या खोलीत गेले, सलूनवाल्याची खुर्ची उचलून उजेडात आणली आणि मला म्हणाले, टबात पाणी भर.